काकड्याच्या काखेतला कोंबडा

सायवनच्या शुक्राला कशाचाच भरवसा नसे. कासाच्या बाजाराला जाणारा रस्ता एकच, तरी जीपवाला आपल्याला लांबून नेतो असं त्याला दर खेपेला वाटे. पाड्यावर असं सांगतात की लहानपणी तो विहिरीत डोकावला आणि आत दिसलेल्या पोराला त्यानं नाव विचारलं. पोरगं बोललं नाही. तेव्हापासून त्या विहिरीचं पाणी तो गाळूनच पितो. आता हे खरं असेल, नसेल. पण पाणी गाळून पितो, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

अशा माणसाच्या घरात लग्नाची मुलगी असणं, हा त्या मुलीवर अन्यायच. रूपी डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात कामाला जाई. तिला आलेली पहिली सोयरीक शुक्रानं मोडली, कारण मुलाचा बाप गंमत सांगून व्हायच्या आधीच हसला. "याला पुढचं आधीच ठाऊक होतं," शुक्रा म्हणाला. दुसरी मोडली ती कुत्र्यापायी. त्या घरचा कुत्रा शुक्राला बघून भुंकला नाही, उलट शेपूट हलवत आला. "भुंकत नाही म्हणजे त्या घरात भलत्यासलत्यांची ये-जा फार." झालं. मुलाकडची माणसं चहा तसाच ठेवून बघत राहिली आणि शुक्रा चपला घालून चालू लागला.

तिसरी सोयरीक तलासरीकडच्या काकड्याच्या घरची. काकड्याचा मुलगा दिपक रूपीच्याच कारखान्यात होता. दोघांनी आपलं आपण ठरवून टाकलं होतं, बापांना फक्त कळवायचं होतं. काकड्या म्हणजे गोल चेहऱ्याचा, पोटभर हसणारा माणूस. शुक्रानं त्याच्यात खोट शोधून पाहिली. सापडली नाही, म्हणून तो आणखीच बेचैन झाला. तरी काळीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कशीबशी सुपारी फोडून घेतली.

मग चैत्रात विवळवेढ्याची जत्रा आली. दोन्ही घरं महालक्ष्मीला गेली. काकड्यानं डोंगराच्या पायथ्याशी तीन दगडांची चूल मांडून व्याह्यांना कोंबडीचा रस्सा खाऊ घातला. सगळं गोडीत झालं. आणि शुक्रा घरी येऊन बघतो, तर तलाठी नाही.

तलाठी हा शुक्राचा कोंबडा. तुरा सोडला तर चोचीपासून शेपटीपर्यंत पांढरा. अंगणात पावलं अशी टाकी की जमीन मोजायला आलाय असं वाटे, म्हणून त्याचं नाव तलाठी. शुक्राचा जगात कुणावर थोडाफार विश्वास असेल तर तो या कोंबड्यावर, कारण हा ठरल्या वेळी आरवत असे आणि दुसरं काही बोलत नसे.

"कोल्ह्यानं नेला असंल," काळी म्हणाली.

शुक्रानं कुडाच्या मागं, बांबूच्या बेटात, ओहोळापर्यंत जाऊन पाहिलं. परत येऊन म्हणाला, "एक पीस नाही पडलेलं. कोल्हा पिसं वेचून नेत नाही, काळे. माणूस नेतो."

काळीनं भातावर झाकण ठेवलं.

जत्रा उठल्यावर शुक्रा कासाच्या बाजाराला गेला, तेव्हा निलमच्या फोटोच्या दुकानासमोर त्याचे पाय थबकले. ही निलम डहाणूच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली. लग्नकार्यात फोटो काढी, जत्रेत लाल ताडपत्रीखाली पडदा लावून बसे. जत्रेतले काही फोटो तिनं नमुना म्हणून काचेत लावले होते. त्यात मधोमध काकड्या उभा. शेजारी त्याची बायको, मागे दिपक. आणि काकड्याच्या काखेत कोंबडा.

शुक्रानं काचेला नाक लावलं. कोंबड्याचं अंग, तुरा, मानेचा ताठा, सगळं तलाठ्याचं. पण रंग? ताडपत्रीतून उतरलेल्या उजेडानं फोटोतलं जग उकडलेल्या चिंबोरीसारखं झालं होतं. माणसं लाल, पडदा लाल, कोंबडाही लाल. मुळात तो पांढरा होता की तांबडा, हे देवी जाणे.

त्यानं तिथूनच काकड्याला फोन लावला.

"व्याही, जत्रेत तुझ्या काखेत कोंबडा होता तो कुणाचा?"

पलीकडे काकड्या जरा थांबला. एरवी तो हॅलोच्या आधी हसायचा.

"माझाच," तो म्हणाला. "तांबडा होता. घरचा."

"मग बोलायला थांबलास कशाला?"

"ढेकर आला होता."

शुक्राला एवढं पुरे झालं. "रविवारी तुझ्या अंगणात चार माणसं बसव. मी फोटो घेऊन येतो. कोंबडा पांढरा निघाला तर आपली सोयरीक मोडली. कोंबडा चोरणाऱ्याच्या घरात माझी पोर जायची नाही."

घरी हे कळलं तेव्हा रूपी पाण्याची कळशी खाली ठेवायची विसरली. कळशी डोक्यावर तशीच ठेवून म्हणाली, "बा, पहिली दोन मोडलीस, मी गप बसले. ही मोडलीस तर मी तुझ्या घरात दुसऱ्या कुणासाठी चहा करायची नाही. सांगून ठेवते."

"कोंबडा तांबडा निघाला तर मोडीन कशाला?"

"आणि तुला कसं कळणार?"

हा प्रश्न रास्त होता. शुक्रा दुसऱ्या दिवशी सकाळीच कासाला निघाला.

निलमनं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, तो लाल रंग काढता येतो. जत्रेतल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या म्हणून मी पण हल्लीच शिकतेय. बसा, मी काढून देते."

"तू नको."

"का?"

"दिपकच्या लग्नाचे फोटो कोण काढणार आहे?"

"मीच."

"मग तू काकड्याच्या बाजूची. माउस इकडं दे. तू सांग, मी करतो."

निलम हसली, पण शुक्रा हसला नाही हे बघून तिनं खुर्ची सरकवली. शुक्राचा हात नांगराला सरावलेला. माउस त्याच्या मुठीत उंदरासारखाच अंग चोरून बसला. स्क्रीनवरचा बाण एकदा छताला गेला, एकदा कोपऱ्यात जाऊन दडला. दुपारपर्यंत मात्र तो सांगितल्या जागी जाऊ लागला.

"आता नीट ऐका," निलम म्हणाली. "फोटोतला प्रत्येक ठिपका तीन रंगांचा असतो. लाल, हिरवा, निळा. कुठं बाण ठेवलात की इथं खाली त्याचे तीन आकडे दिसतात. पांढरी, राखाडी, काळी वस्तू असली ना, तर तिचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला पाहिजेत. ती कुठल्याच रंगाची बाजू घेत नाही."

"पंचासारखी."

"चांगल्या पंचासारखी. ताडपत्रीमुळं तिचा लाल आकडा वाढलाय. आपण त्या वस्तूवर हे पिचकारीचं चिन्ह टेकवून कॉम्प्युटरला सांगायचं, ही मुळात राखाडी आहे. मग तो तिचे आकडे सारखे करतो, आणि तिच्यामागून सगळा फोटो सरळ होतो."

शुक्रानं विचार केला. "म्हणजे एकाच्या साक्षीवर सगळ्यांचा निकाल."

"हो."

"आणि साक्षीदार खोटा असला तर?"

निलम जरा चाचरली. तिच्या शिकवणीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "तर सगळाच फोटो खोटा होतो," ती म्हणाली.

शुक्रा खुर्चीत पुढे सरकला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मनाजोगं काम मिळालं होतं.

"शर्ट घ्या," निलमनं सुचवलं. "काकड्याकाकांचा शर्ट पांढरा आहे."

शुक्रानं पिचकारी काकड्याच्या छातीवर टेकवली आणि बटण दाबलं. ताडपत्रीची लाली झर्रकन उतरली. शर्ट दुधासारखा झाला, आणि काखेतला कोंबडा गावठी कोंबड्यासारखा पिवळट तांबडा.

"बघा," निलम म्हणाली. "तांबडाच होता. झालं ना समाधान?"

"हा शर्ट कुणाचा?"

"काकड्याकाकांचा."

"आरोपीचाच शर्ट साक्षीला घेतलास? छान."

मग त्यानं काकड्याचे दात घेतले, कारण काकड्या फोटोतही हसत होता. पण तंबाखूनं दात पिवळे झालेले. पिवळ्याला पांढरं म्हटल्यावर बाकी सगळं निळं पडलं. काकड्या पाण्यातून वर काढल्यासारखा दिसू लागला आणि कोंबडा जांभळट. मग शुक्रानं काकड्याचे पांढरे केस धरले. काकड्यानं पोराच्या लग्नासाठी मेंदी लावली होती, हे कुणाला ठाऊक? सगळं कुटुंब शेवाळात लोळून आल्यासारखं हिरवं झालं, आणि कोंबड्याचा पोपट झाला.

"या माणसाच्या अंगावर एक जागा खरी नाही," शुक्रा म्हणाला.

"काका, केसांना मेंदी तर माझी आई पण लावते."

"तिच्या घरात कुठं मला पोर द्यायचीय?"

निलमनं शेवटी कपाटातून हाताएवढा राखाडी पुठ्ठा काढला. हा पुठ्ठा खात्रीचा राखाडी असतो, फोटोवाले तो माणसाजवळ धरून आधी एक फोटो काढतात, असं तिनं सांगितलं. जत्रेत तो घरी विसरला होता. "चला उन्हात. तुमचा शर्ट या पुठ्ठ्याजवळ धरून फोटो काढते. पांढरा शर्ट खरा निघतो की नाही ते तुम्हीच बघा."

शुक्रा रस्त्याच्या कडेला छाती काढून उभा राहिला. जीपमधली माणसं वळून बघत होती. फोटो कॉम्प्युटरवर आला. शुक्रानं आधी पुठ्ठ्यावर पिचकारी टेकवली, मग बाण आपल्या शर्टावर नेला. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी. निळा मात्र दोघांच्या पुढे, बाजारच्या जीपमध्ये आधी चढलेल्या माणसासारखा.

"निळा का वर?" शुक्रानं विचारलं.

निलम स्वतःच बुचकळ्यात पडली. मग तिनं त्याची बाही चिमटीत धरून पाहिली. "काका, घरी कपड्यांना नीळ घालतात?"

"बाजाराच्या कपड्यांना बायको घालते. शेवटच्या पाण्यात."

"तेच. डोळ्याला पांढरा दिसतो, पण असतो निळसर. काकड्याकाकांच्या शर्टालाही घातली असणार. निळ्याला आपण पांढरं मानलं, म्हणून कॉम्प्युटरनं सगळ्यातलंच निळं उपसून काढलं. म्हणून कोंबडा तांबडा झाला."

"म्हणजे तो तांबडा नाही."

"तसं नाही. अजून कळलेलं नाही, एवढंच."

पण शुक्राच्या डोक्यात नीळ शिरली ती शिरलीच. पुढचे दिवस तो पांढऱ्या वस्तूंकडे फौजदारासारखा बघत फिरला. शेतातला बगळा त्याला मळका वाटला. भात पिवळट निघाला. शाळेच्या भिंतीचा चुना जवळ जाऊन बघितल्यावर गुलाबी. गुरुजींनी विचारलं, "काय शोधताय?" तर म्हणाला, "इथं एक गोष्ट खरी पांढरी आहे का ते." गुरुजी चुळबुळत आपल्या शर्टाकडे बघू लागले. काळीनं ताटात वाढलेल्या भाकरीकडे तो इतका वेळ टक लावून बसला की ती म्हणाली, "विष नाही घातलेलं. घालायचं असतं तर लग्न झालं त्या वर्षीच घातलं असतं."

शनिवारी तो पुन्हा निलमच्या दुकानात होता. फोटो मोठा करून त्यानं कोपरान् कोपरा धुंडाळला. तेव्हा पडद्याच्या पायाशी, वाऱ्यानं पडदा उडू नये म्हणून ठेवलेला एक काळा दगड त्याला दिसला.

"हा दगड कुठं आहे?"

"तो काय," निलमनं दाराकडे बोट केलं. "दार वाऱ्यानं आपटतं म्हणून लावून ठेवते."

शुक्रानं दगड उचलला, उलटासुलटा केला. फोटोत त्याच्या डोक्यावर कोयता लागल्यासारखा एक टवका उडालेला होता. हातातल्या दगडाचाही तसाच. तरी त्यानं निलमला विचारलं, "बदलला नाहीस ना?"

"काका, दगड बदलून मला काय मिळणार?"

"ते तुला ठाऊक."

त्यानं नळाखाली दगड घासून धुतला, उन्हात वाळवला, पुठ्ठ्याच्या शेजारी ठेवला. निलमनं फोटो काढला. तिन्ही आकडे इतके जवळ आले की शुक्रानं बाण हलवून हलवून पाहिलं. दगडानं कुणाचीच बाजू घेतली नाही. त्याला नीळ नव्हती, मेंदी नव्हती, तंबाखूचं व्यसन नव्हतं, आणि काकड्याशी त्याचं काही नातंही नव्हतं.

"हा," शुक्रा म्हणाला. "याच्याशी मी सोयरीक करीन."

जत्रेचा फोटो पुन्हा उघडून त्यानं पिचकारी त्या दगडावर टेकवली. मग बटण दाबलं. लाली उतरली. काकड्याच्या बायकोचं लुगडं जांभळं झालं, पडद्यावरचा डोंगर निळा झाला, दिपकचा चेहरा कारखान्यातून थकून आलेल्या पोराचा असतो तसा साधा झाला. काकड्याचा शर्ट किंचित निळसर झाला, आणि त्याच्या काखेत, बगळ्याहून स्वच्छ, पांढराशुभ्र तलाठी बसला होता.

"सापडला," शुक्रा हळूच म्हणाला. निलमचं तोंड उतरलं. एक लग्न गेलं होतं, आणि त्याचे फोटोही.

जिंकलेल्या माणसासारखा शुक्रा फोटो न्याहाळत राहिला. तुरा बघितला, चोच बघितली, नखं बघितली. नखांच्या वर, पायाला, एक चिंधी बांधलेली होती. कोंबडा काखेतून निसटू नये म्हणून बांधतात तशी. लाल फोटोत ती काळी सुतळी वाटत होती. आता ती काळी नव्हती. पोपटी होती, आणि तिच्या कडेला पिवळ्या धाग्याची रेघ होती.

शुक्राचा हात माउसवरून उचलला गेला.

"काय झालं, काका?"

"ही चिंधी खरंच पोपटी?"

"दगड खरा असेल तर चिंधीही खरी."

तो उठला आणि जीपकडे चालू लागला. जीपमध्ये त्याला बसायला जागा मिळाली होती, तरी तो सायवनपर्यंत मागच्या पायरीवर उभाच राहिला.

घरासमोर कुंपणावर लुगडी वाळत होती. शुक्रानं एकेक पदर उलटून पाहिला. पोपटी लुगड्याच्या टोकाला, पिवळ्या रेघेसकट, बोटभर पट्टी फाडलेली होती. काळी उंबऱ्यात बसून सुके बोंबील निवडत होती. तिनं त्याला बघितलं आणि बोंबील खाली ठेवले.

"दाखव," ती म्हणाली. "फोटो आणलायस ना?"

"तुला कसं कळलं?"

"लुगडी मोजतोयस तू. कधी मोजली होतीस?"

शुक्रा तिच्यासमोर जमिनीवर बसला. विचारताना त्याचा आवाज नेहमीसारखा उंच गेला नाही. "काकड्याला माझा कोंबडा तू दिलास?"

"मी दिला. जत्रेच्या आदल्या सांजेला तो आला होता ना, त्याच्या टोपलीत घातला. आपण पहाटे आरवायच्या वेळेआधीच निघालो, आणि पोचलो तोवर त्यानं तो देवीला दिला होता. तुझ्यासंगं जीपमध्ये नेला असता तर तू रस्ताभर त्याचं पीस न् पीस विचारलं असतंस."

"का पण?"

"नवस होता."

"कशाचा?"

काळीनं एक बोंबील उचलला, डोकं मोडलं, बाजूला टाकलं. "तुझा. देवीला म्हटलं, या माणसानं दोन सोयरिकी मोडल्या. या खेपेला याच्या डोक्यात काही येऊ देऊ नको. घरातला सगळ्यात लाडका जीव तुला देते."

"मग लग्न झाल्यावर फेडायचा. नवस आधी कोण फेडतं?"

"तुझा भरवसा नव्हता. आधी दिलं तर देवीला तरी भीड पडंल."

शुक्रानं बोंबलांच्या ढिगाकडे पाहिलं. मग त्याला एकदम काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे त्या दिवशी काकड्यानं जो रस्सा..."

"मागून मागून घेतलास. म्हणालास, असा कोंबडा आमच्याकडं होत नाही."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. रूपी दाराआड ऐकत होती, आणि हसू आवरायला तिला ताट सोडून द्यावं लागलं होतं.

"काकड्याला माहीत आहे सगळं?" शुक्रानं विचारलं.

"मी शपथ घातली होती, सांगायचं नाही म्हणून. त्यानं नाही सांगितलं. चोर म्हणालास तरी नाही." काळीनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. "आता उद्या तू चार माणसांत पांढरा फोटो ठेव. तो चोर तरी ठरंल, नाहीतर शपथ मोडून मला पुढं करंल. कशी पण सोयरीक जाईल. तुझं मात्र खरं होईल."

रविवारी सकाळी निलम दुकानाचं कुलूप काढत होती, तेवढ्यात शुक्रा हजर झाला. सरळ खुर्चीत बसला. माउस त्यानं आता मोठ्या सफाईनं धरला. फोटो उघडला, दगडाकडे बघितलंही नाही, आणि पिचकारी नेऊन काकड्याच्या शर्टावर टेकवली.

"काका, तो शर्ट नीळ घातलेला आहे," निलम म्हणाली.

"ठाऊक आहे."

"त्यानं कोंबडा तांबडा होईल."

"होऊ दे."

कोंबडा तांबडा झाला. चिंधी वाळक्या गवतासारखी मळकट पडली. निलम स्क्रीनकडे बघे, शुक्राकडे बघे. एवढे दिवस डोळ्यात तेल घालून खरं शोधणारा माणूस आपल्या हातानं खोटं करतोय, याचा तिला अर्थ लागेना. "हे कुणाला फसवायला?" तिनं विचारलं.

"तुला लग्नाचे फोटो काढायचेत ना?"

"काढायचेत."

"मग प्रिंट काढ. आणि त्या दिवशी हा पुठ्ठा घरी विसरू नको. माझी पोर लाल दिसता कामा नये."

तलासरीला काकड्याच्या अंगणात घोंगडी अंथरलेली होती. चार जाणती माणसं बसली होती. मधोमध पाड्यावरचा म्हातारा काळ्या, त्याचा शब्द दोन्हीकडे चालायचा. कुडाच्या मेढीला एक तांबडा कोंबडा बांधून ठेवला होता. तो शुक्राला बघून घाबरला.

"हा कुणाचा?" शुक्रानं सवयीनं विचारलं.

"माझा," काकड्या म्हणाला. आज तो हसत नव्हता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. "फोटोतला देवीला दिला. हा त्याचा सख्खा भाऊ. माझ्याकडं सगळे तांबडेच असतात."

कोंबड्याच्या पायाला बाजारातली नवीकोरी सुतळी होती. शुक्रानं ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं. त्यानं पिशवीतून फोटो काढून म्हाताऱ्या काळ्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, उन्हात धरला.

"तांबडा आहे," तो म्हणाला.

फोटो हातोहात फिरला. सगळे तांबडा म्हणाले. दिपकनं सोडलेला श्वास अंगणभर ऐकू आला. काकड्याच्या बायकोनं फोटो घेतला आणि म्हणाली, "यांचा शर्ट बघा कसा शुभ्र दिसतोय. मी धुतला होता."

"माझी चूक झाली, व्याही," शुक्रा म्हणाला. "मी उगाच बोललो. सोयरीक आहे तशीच आहे."

हे शब्द शुक्राच्या तोंडून आले, यावर म्हाताऱ्या काळ्याचा विश्वास बसेना. त्यानं दुसऱ्याकडून ते पुन्हा ऐकून घेतले. मग तारीख निघाली, चहा आला, माणसं मोकळी बोलू लागली.

एकटा काकड्या बोलत नव्हता. फोटो आता त्याच्या हातात आला होता. कोंबडा पांढरा होता, हे त्याला ठाऊक होतं. आपल्या हातानं टोपलीतून काढून काखेत घेतला होता. तांबडा म्हणालो ते काळीच्या शपथेपायी. आणि इथं तर कागदावरसुद्धा तांबडाच. त्यानं फोटोवर अंगठा घासून पाहिला. रंग निघाला नाही. मग त्यानं शुक्राकडे पाहिलं. शुक्रा बशीत चहा ओतून निवांत पीत होता, आणि एवढा निवांत शुक्रा काकड्यानं आजवर पाहिलेला नव्हता.

काकड्या घोंगडीवरून सरकत सरकत त्याच्या शेजारी आला.

"व्याही," तो कानाशी म्हणाला, "हा फोटो कुणी केला?"

"मी."

"तू स्वतः?"

"शिकलो. अवघड नाही. फोटोतलं एक कायतरी खरं धरायचं. मग बाकीचं आपोआप होतं."

काकड्याचे डोळे बारीक झाले. गोल, पोटभर हसऱ्या चेहऱ्यावर ते अगदी नवे दिसत होते. शुक्राला काय काय ठाऊक आहे, आणि जे ठाऊक आहे ते तो गिळून का बसलाय, याचा त्याला थांग लागेना.

"आणि यात अजून काय काय बदललंस?" त्यानं विचारलं.

शुक्रानं बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या.

"तुझा पोरगा होता तसाच ठेवलाय," तो म्हणाला.

काकड्यानं फोटोतल्या दिपककडे पाहिलं. मग मान वळवून कुडाजवळ उभ्या असलेल्या दिपककडे पाहिलं, आणि खात्री करून घ्यावी तशी नजर बराच वेळ तिथेच ठेवली.